घाटावरची सिगारेटची थोटकं: लेकरांना सोबत घेऊन हे काम कसं करावं

प्रश्न गंगाखेड परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. किनाऱ्यावर वाळूत खेळताना मुलांना शिंपल्यांच्या बरोबरीनं सिगारेटची थोटकं सापडत राहिली. काही जणांनी ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरली. परत आल्यावर आठवीच्या वर्गानं हट्ट धरला, की आपल्या गंगेवरही, म्हणजे गोदावरीवरही, हेच करायचं. मॅडम विचारतात: हे मुलांसाठी सुरक्षित आहे का? चार दिवसांचा उत्साह वर्षभर कसा टिकवायचा? आणि गोळा झालेल्या थोटकांचं करायचं काय? त्यांपासून खेळणी आणि उशा बनतात असं त्यांनी ऐकलंय, ते शाळेत करता येईल का?

मॅडम, जरूर करा. शाळांसोबत नदीकाठची ही कामं मी बरीच वर्षं करते आहे आणि माझं मत पक्कं झालेलं आहे. या उपक्रमात सगळ्यात मोलाची गोष्ट मोजणी आहे. वेचणं त्यानंतर येतं आणि पुनर्वापर सगळ्यात शेवटी, तोही शाळेच्या बाहेर. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लागतो. आधी 'थोटकांपासून काय बनवता येईल' यावर चर्चा होते, एक दिवस हातमोजे घालून फोटो निघतात, आणि पुढच्या महिन्यात घाट होता तसाच दिसतो. मुलांनी मोजायला सुरुवात केली की त्यांना प्रश्न पडायला लागतात. उत्साह टिकतो तो त्या प्रश्नांमुळे.

आधी वस्तू काय आहे ते मुलांना नीट दाखवा. बाई-सरांनी स्वतः हातमोजे घालून एक वाळलेलं थोटूक चिमट्यानं धरावं आणि ब्लेडनं उभं चिरावं. बाहेर तपकिरी कागद, आत पांढरा कागद आणि मध्ये कापसासारखा गच्च भरलेला पुंजका. ओढलेल्या सिगारेटचा पुंजका जळक्या टोकाकडे गडद पिवळा असतो आणि ओठांकडे फिकट होत जातो. चिमट्यानं तो विस्कटला की केसाहून बारीक तंतू सुटे होतात. वर्गातली बहुतेक मुलं, आणि बरेच शिक्षकही, याला कापूस समजतात. तो सेल्युलोज ॲसिटेट आहे, म्हणजे लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं प्लास्टिक. एका फिल्टरमध्ये असे बारा-पंधरा हजार तंतू असतात. उन्हानं ते तुटतात, बारीक होतात, दिसेनासे होतात, पण पूर्ण कुजायला कित्येक वर्षं लागतात. शिवाय धुरातलं निकोटीन, डांबर आणि जड धातू त्या पुंजक्यात अडकलेले असतात. पाऊस पडला की ते पाण्यात उतरतात.

विडीचं तसं नाही. तेंदूचं पान, आत तंबाखू, वरून दोरा. पान आणि दोरा कुजून जातात. म्हणजे विडीचं थोटूक निरुपद्रवी आहे असं नाही, कारण तंबाखू तर आहेच, पण प्लास्टिक मागे राहत नाही. हा फरक मुलांना पहिल्या दिवशीच कळला पाहिजे. पुढे तक्ता भरताना तो उपयोगी पडतो.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत. निकोटीन कातडीतून शरीरात जातं, आणि थोटूक ओलं असेल तर जास्त सहज जातं. म्हणून तीन गोष्टींवर तडजोड नको: हातमोजे, लांब चिमटा आणि काम संपल्यावर साबणानं हात धुणं. चुलीवर भाकरी शेकायचा चिमटा चालतो, मात्र एकदा या कामाला घेतला की तो पुन्हा घरात न्यायचा नाही. त्याला लाल रंगाचा पट्टा मारून शाळेतच ठेवा. दवानं किंवा पावसानं भिजलेली थोटकं त्या दिवशी फक्त मोजा, उचलू नका. काम चालू असताना खाऊ, बिस्किटं, पाणी काहीही हातात नको. आठवीच्या खालच्या वर्गांना मी थोटकं हाताळू देत नाही. त्यांना तक्ते आखणं, नोंदी लिहिणं, दोरी धरणं ही कामं द्या.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे घाटावर मला थोटकांपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते. पहिली, ब्लेडची पाती. गंगेच्या घाटांवर दशक्रिया विधी होतात, क्षौर होतं, आणि वापरलेली अर्धी पाती पायऱ्यांच्या फटीत पडलेली असतात. थोटकंही नेमकी त्याच फटींत अडकतात. फटीत बोट घालायचं नाही, हे मुलांना दहा वेळा सांगा. चिमटा आत गेला तर ठीक, नाहीतर ते थोटूक तिथंच राहू द्या. दुसरी आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाळूउपशाचे खड्डे. वरून गुडघाभर दिसणारं पाणी दोन पावलांवर एकदम डोक्यावर जातं. आपल्या भागात दरवर्षी अशा खड्ड्यांत लेकरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पाण्याच्या काठापासून दहा पावलं अलीकडे, कोरड्यावर, रंगीत दोरी ताणा. त्या दोरीपलीकडे कुणीही जायचं नाही, चप्पल वाहून गेली तरी नाही. सोबत एखादा पोहणारा स्थानिक माणूस ठेवा. घाटावरच्या भोई मंडळींइतकं पात्र कुणाला माहीत नसतं, आणि शाळेनं मान देऊन बोलावलं तर ते आनंदानं येतात.

आता मोजणीकडे येते. प्रत्येकी दहा मीटर बाजूचे चौरस आखून घ्या आणि ते कायमचे ठरवून टाका. चार पुरेत: एक घाटाच्या पायऱ्यांवर, एक टपरीसमोर, एक घाटाकडे येणाऱ्या रस्त्यावर आणि एक मोकळ्या वाळूत. कोपऱ्यांवर ऑइलपेंटचे ठिपके द्या, वाळूतल्या चौरसासाठी एखाद्या झाडापासूनचं अंतर लिहून ठेवा. पावसाळा सोडून दर महिन्याला तेच चौरस, तीच वेळ. एका चौरसाला एक गट, आणि तो चौरस वर्षभर त्या गटाचाच. मुलांना 'आपला' चौरस मिळाला की ती रविवारीसुद्धा जाता-येता त्याच्याकडे लक्ष ठेवतात.

तक्त्यात चार रकाने ठेवा: फिल्टरची थोटकं, विडीची थोटकं, तंबाखू-गुटखा-सुपारीच्या पुड्या आणि सिगारेटची पाकिटं. बाकी कचरा उचला, पण त्याची मोजणी करत बसू नका. सगळंच मोजायला गेलं की काहीच धड मोजलं जात नाही.

घाटावरच्या पहिल्या मोजणीनंतर मुलं बहुधा गोंधळतील, कारण गणपतीपुळ्याच्या वाळूत त्यांनी थोटकं पाहिली आणि इथं मात्र पुड्यांचा ढीग लागेल. यामागचं कारण समजावून सांगा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दाताला मिश्री लावणारे. म्हणजे आपल्याकडे ओढणाऱ्यांच्या कितीतरी पट खाणारे आहेत. जगभरातल्या किनाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधून आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम सुरू झाली, आणि तिच्या नोंदींत तीन दशकांहून अधिक काळ सिगारेटची थोटकं पहिल्या क्रमांकावर होती. २०१९ च्या नोंदींत खाऊच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं. समुद्रकिनाऱ्यावरचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलून गोदाकाठावर आणला तर निम्मं दुखणं नजरेआड राहील. म्हणून तुमच्या उपक्रमाचं नाव थोटकांवरून ठेवलंत तरी तक्ता थोटकं आणि पुड्या दोन्हींचा ठेवा.

पाकिटांचा रकाना का, तर त्यातून आठवीच्या मुलांना जमेल असं एक सुंदर गणित निघतं. एका पाकिटात साधारण दहा किंवा वीस सिगारेटी येतात. तुमच्या चौरसात फिल्टरची थोटकं दोनशे आणि पाकिटं दोनच, असं निघालं तर उरलेल्या सिगारेटी आल्या कुठून? उत्तर असतं: सुट्या विकत घेतल्या. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. अर्थात काही जण पाकीट खिशात घालून गेलेले असतात, काही पाकिटं पुठ्ठा वेचणारे उचलतात, काही वाऱ्यानं उडतात. या शंका मुलांनीच काढायच्या आणि त्यावर वाद घालायचा. हे खरं विज्ञान आहे, आणि ते पुस्तकाबाहेर घाटावर घडतंय.

पुड्यांच्या बाबतीतही असंच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्यानंतर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा जोडीनं विक्री सुरू झाली, आणि घेणारा दोन्ही एकत्र करून तोंडात टाकतो. मुलांना पायऱ्यांवर दोन वेगवेगळ्या पुड्या शेजारी-शेजारी पडलेल्या वारंवार दिसतील, आणि ती तुम्हाला विचारतील. खरं ते सांगा. पण इथं एक मर्यादा घालून घ्या. हा बेकायदा धंदा आहे आणि त्यामागे माणसं आहेत. कुठल्या दुकानातून काय मिळतं याचा तपास मुलांना करू देऊ नका. नोंद मुख्याध्यापकांकडे जाईल आणि अन्न व औषध प्रशासनाला पत्र लिहायचं की नाही ते मोठी माणसं ठरवतील.

माणूस जिथं थांबतो तिथं थोटूक पडतं. एवढं एक सूत्र मुलांच्या हाती दिलं की ती स्वतः नकाशा काढतात. घाटावर सगळ्यात जास्त थोटकं पाण्याजवळ सापडत नाहीत. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत पुरुषमंडळी जिथं उभी असतात, तिथं सापडतात. त्याखालोखाल झाडाच्या पारावर आणि गाड्या लावतात तिथं. दुःखातल्या माणसाला हटकू नये, हे आपल्या लेकरांना शिकवावं लागत नाही. पण त्या जागी वाळू भरलेला एक डबा उभा केला तर कुणाचं मन दुखत नाही आणि थोटूकही त्यात पडतं. डबा कुठं ठेवायचा हे नकाशा सांगतो. नगरपरिषदेची कचराकुंडी घाटाच्या कमानीपाशी असते, कारण तिथपर्यंतच गाडी येते, आणि तोपर्यंत माणूस थोटूक हातात धरून चालत जात नाही.

टपरीवाल्याकडे मुलांना पाठवायचं तर दोघा-तिघांच्या गटात आणि शिक्षकांसोबत. मागे एका घाटावर नववीतल्या एका मुलीनं टपरीवाल्याला थेट आकडा सांगितला, "मामा, तुमच्या टपरीपुढं आम्हाला सव्वाशे थोटकं घावली." तो आधी चिडला, "मी थोडीच टाकतो?" ती म्हणाली, "तुम्ही नाही टाकत, पण तुमच्यापुढं टाकतात. तुम्ही म्हणलात तर ऐकतील." मामांनी गोडेतेलाचा रिकामा डबा काढला, मुलांनी त्यात गंगेची वाळू भरली, आणि तारेनं तो टपरीच्या खांबाला बांधला. पुढच्या मोजणीत त्या चौरसातली थोटकं निम्म्याहून कमी झाली होती. उपदेशानं जे झालं नसतं ते त्या एका आकड्यानं झालं. फक्त डबा कोण रिकामा करणार हे त्याच दिवशी ठरवून घ्या, नाहीतर आठवड्यात तो ओसंडतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि डब्यात कोरडा कागद-पाला अजिबात नको. पेटतं थोटूक पडलं तर आग लागेल, म्हणूनच वाळू.

हा डबा शाळेजवळच्या टपरीला मात्र नाही. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकताच येत नाहीत आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही ते कुठंच विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. टेपनं मोजणं हाही मुलांचा अभ्यास होऊ शकतो. तिथं टपरी निघाली तर डबा देऊन तिला मान्यता देऊ नका. मुख्याध्यापकांच्या सहीनं पत्र द्या.

त्यावरून आठवलं: पहिली मोजणी घाटावर करूच नका, शाळेच्या आवारात करा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेच्या निकषांत आवारात थोटकं, पुड्या किंवा थुंकल्याच्या खुणा नसाव्यात असं स्पष्ट आहे. संडासाची मागची भिंत, कुंपणाचा कोपरा, पाण्याच्या टाकीखालची जागा बघा. तिथं काय सापडतं ते शिक्षकांच्या खोलीतही वाचून दाखवा. आपलं आवार साफ नसताना आपण गावाला शहाणपण सांगायला गेलो तर पहिला प्रश्न मुलंच विचारतील, आणि तो बरोबर असेल.

मुलांच्या घरांबद्दल फार जपून वागा. "तुमच्या घरी कोण ओढतं, हात वर करा" असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नका. बाप राबून आल्यावर विडी ओढतो, आजी मिश्री लावते, आणि लेकराचा जीव त्यांच्यावर असतो. वर्गात त्यांची मान खाली जाईल असं काही घडलं तर ते मूल पुन्हा घाटावर येणार नाही. ज्याला घरी काही न्यायचं असेल त्याच्यासाठी तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर कायमचा लिहून ठेवा: १८००-११-२३५६. फोन मोफत आहे. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, ज्याला हवा तो लिहून नेतो.

आणखी एक गोष्ट मोकळेपणानं बोलली पाहिजे. सफाई हे ठरावीक घरांचंच काम, ही समजूत आपल्या गावांतून अजून गेलेली नाही. गट पाडताना ती नकळत डोकं वर काढते. झाडू नेमका कुणाच्या हातात जातो आणि वही-पेन कुणाच्या, हे डोळ्यांत तेल घालून बघा. दर महिन्याला कामं फिरती ठेवा: चिमटा, दोरी, तक्ता, डबा. मुलींकडे वेचणं आणि मुलांकडे मोजणं असंही होऊ देऊ नका. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून थोटकं वेचायला लावलंत तर उपक्रम त्याच दिवशी मेला समजा. आणि मुख्याध्यापकांनी एकदा तरी सगळ्यांसमोर खाली वाकून थोटूक उचललंच पाहिजे. त्यानं जो परिणाम होतो तो दहा भाषणांनी होत नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो, पण तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. त्या तारखेच्या मागे लागू नका. आपलं वर्ष नदीवरून ठरवा. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, पात्र बरंचसं कोरडं असतं, तेव्हा सात ते आठच्या दरम्यान एक मोठी मोजणी करा. आठनंतर ऊन सोसत नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पावसाळाही त्याच सुमारास येतो, म्हणून शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात घाटाची सफाई उरका, कारण काठावर जे पडलेलं असेल ते पहिल्या पाण्याबरोबर जाणार. पावसाळाभर घाटावर जाणं बंद. तेव्हा वर्गातले प्रयोग, तक्ते, पत्रं. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पुन्हा सुरू. सोमवती अमावस्येला किंवा धोंड्याच्या महिन्यात स्नानाला गर्दी होते, तिच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी मोजणी केलीत तर आकडे बोलके मिळतात.

दिवाळीनंतर तुमच्या वर्गातली काही बाकं रिकामी होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली लेकरं सहा-सहा महिने नसतात. त्यांची नावं गटातून खोडू नका. काहींना जाताना कोरा तक्ता द्या. फडावरच्या कोपीसमोर पुड्या आणि थोटकं मोजून आणणारं मूल परत आल्यावर वर्गाला असं काही सांगतं, जे घाटावर कुणालाच दिसलेलं नसतं.

"आपल्याकडे समुद्र नाही, मग किनाऱ्याशी आपला काय संबंध?" असा प्रश्न कुणीतरी विचारेल. नकाशा उघडा. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून १,४६५ किलोमीटर वाहते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तुमच्या घाटावरून सुटलेलं थोटूक विष्णुपुरीच्या जलाशयात जाईल, पुढे बाभळीच्या बंधाऱ्यात. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, तिथून ते तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणात. प्रत्येक थोटूक समुद्रापर्यंत पोचतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळशी बंधाऱ्यांच्या गाळात बसतात. पण त्याच जलाशयांचं पाणी गावोगावच्या नळांना येतं, म्हणजे गाळात बसलेलं थोटूक समुद्रात गेलेल्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचं आहे.

पावसाळ्यातल्या प्रयोगाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मुलांना तो फार आवडतो. तीन बशा, प्रत्येकीत ओल्या टिपकागदावर वीस-वीस ज्वारीचे दाणे. दाणे घरच्या कोठीतले घ्या. कृषी केंद्रातल्या बियाण्याला गुलाबी औषध चोळलेलं असतं, ते घेतलं तर सगळा प्रयोग फसतो. पहिल्या बशीला साधं पाणी. दुसरीला पाव लिटर पाण्यात एक थोटूक दिवसभर भिजवलेलं पाणी, तिसरीला तेवढ्याच पाण्यात चार थोटकं भिजवलेलं. हे पाणी शिक्षकांनीच हातमोजे घालून तयार करायचं आणि गाळून द्यायचं. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी किती दाणे उगवले आणि कोंब किती मिलिमीटर, एवढीच नोंद. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर तसेच लिहा आणि प्रयोग पुन्हा लावा. इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठात २०१९ साली असाच अभ्यास झाला. थोटकं मिसळलेल्या मातीत क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाची उगवण २७ टक्क्यांनी आणि कोंबांची लांबी २८ टक्क्यांनी घटली. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की न ओढलेल्या सिगारेटच्या फिल्टरनंही जवळपास तसाच परिणाम दिसला. म्हणजे दोष फक्त धुराचा नाही, फिल्टरचाही आहे. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला जास्त शब्द लागत नाहीत. बांधावर बसून विडी-सिगारेट कोण ओढत नाही?

माशांवर प्रयोग करायचा हट्ट कुणी धरला तर नाही म्हणा. तो झालेला आहे. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात एका लिटरला साधारण एक ओढलेलं थोटूक एवढ्या प्रमाणात ९६ तासांत निम्मे मासे मेले. आकडा सांगा, मासे राहू द्या. प्रयोगातलं उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. ते एका परातीतल्या वाळूत मुरवा, वाळवा आणि ती वाळू थोटकांच्या डब्यात टाका.

आता जमा झालेल्या थोटकांचं. एक थोटूक साधारण ०.२ ग्रॅमचं, म्हणजे किलोभर व्हायला पाच हजार लागतात. तुमच्या शाळेची वर्षाची कमाई किलो-दोन किलोच्या आसपास राहील. नोएडातली 'कोड' ही कंपनी २०१६ पासून थोटकं गोळा करून कागद, तंबाखू आणि तंतू वेगळे करते, तंतू रासायनिक प्रक्रियेनं स्वच्छ करते आणि खेळण्या-उशांत भरण्यासाठी वापरते. तुम्ही ऐकलेली गोष्ट खरी आहे. पण ती प्रक्रिया कारखान्यातली आहे. थोटकं शाळेत उकळणं, धुणं, वाळवून त्यांची फुलं, तोरणं किंवा कीचेन करणं, यातलं काहीही करू नका, प्रदर्शनात बक्षीस मिळत असलं तरी. विष मुलांच्या हाताला लागतं आणि धुतलेलं पाणी पुन्हा गंगेतच जातं. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठानं भाजलेल्या विटांत एक टक्का थोटकं मिसळून दाखवली आहेत, आणि हे वाचून कुणीतरी शेजारच्या वीटभट्टीचं नाव सुचवेल. त्यांची भट्टी आणि आपली भट्टी यांत फार अंतर आहे, तेही नको. जाळणं तर नाहीच, आणि कंपोस्टच्या खड्ड्यातही नाही.

तुम्ही एवढंच करा. थोटकं उन्हात, वाऱ्याला न उडतील अशी, मुलांचा वावर नसलेल्या जागी कडकडीत वाळवा. ओली भरली की कुबट वास सुटतो आणि खाली तपकिरी पाणी साचतं. मग घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरण्यांत भरा, वर आकडा, महिना आणि 'विषारी' असं लिहा, कुलूपबंद कपाटात ठेवा. तालुक्यातल्या पाच-सहा शाळा आणि एखाद्या महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक मिळून साठा केला तर पाठवण्याइतकं वजन होतं. पाठवण्याआधी घेणाऱ्याशी बोलून घ्या. पुड्यांना मात्र पुनर्वापराची वाटच नाही. प्लास्टिक आणि इतर थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. त्या नगरपरिषदेच्या सुक्या कचऱ्यात वेगळ्या पोत्यात द्या. पुढे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळणं हाच त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. हे सत्य मुलांपासून लपवू नका. 'सगळं रिसायकल होतं' असं शिकलेलं मूल पुडी टाकताना कचरत नाही.

कायद्यातली फटही नववी-दहावीच्या मुलांना दाखवण्यासारखी आहे. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, त्या यादीत सिगारेटच्या पाकिटावरची पारदर्शक फिल्म आहे. आतला फिल्टर मात्र नाही. त्याच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक तत्त्वं करा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगितलं होतं. तुमच्या मुलांचा वर्षभराचा तक्ता जोडून एक पत्र लोकप्रतिनिधींना का जाऊ नये? नगरपरिषदेत एखाद्या मुलीनं उभं राहून चार चौरसांचे आकडे वाचून दाखवावेत आणि सभागृहाकडे दोनच गोष्टी मागाव्यात: नकाशातल्या जागांवर वाळूचे डबे आणि ते रोज रिकामे करणारी व्यवस्था.

पैशांचा प्रश्न येईल. हातमोजे, चिमटे, बरण्या यांना फार खर्च नाही, पालकांच्या सहकार्यातून भागतो. कुठल्या तंबाखू किंवा पानमसाला कंपनीनं टोप्या-टीशर्टांसह मदत देऊ केली तर नम्रपणे परत पाठवा. स्वतःचा माल विकणाऱ्याचं नाव छातीवर घेऊन त्याचा कचरा लेकरांनी वेचायचा, हे मला कधीच पटणार नाही.

सुरुवात करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. पत्र छापील नको, मुलांच्या अक्षरात असू द्या, म्हणजे घरी वाचलं जातं. मजकूर साधा ठेवा: आमचा वर्ग महिन्यातून एकदा घाटावर सिगारेटची थोटकं आणि पुड्या मोजणार आहे. आम्ही पाण्यात उतरणार नाही. हातमोजे आणि चिमट्याशिवाय काही उचलणार नाही. सोबत शिक्षक आणि पोहणारा जाणकार माणूस असेल. कुणाच्या घरी कोण काय खातो-पितो हे आम्हाला कुणी विचारणार नाही, आणि आम्हीही कुणाला विचारणार नाही. आमच्यासोबत एखाद्या वेळी तुम्हीही आलात तर आम्हाला आवडेल. खाली सही किंवा अंगठा.